खेडोपाडी ज्ञानदीप नेणारा राजा

शिंदखेड्याहून सुरतेकडे निघालेली आगगाडी दोंडाईचा, नंदुरबार ही स्थानके मागे टाकून नवापूरच्या पुढे गेली, की सोनगड आणि व्यारा ही गावे लागतात. आज ही गावे गुजरात राज्यात आहेत. परंतु पूर्वी खानदेशची हद्द संपली, की येथे बडोदे संस्थानचा मुलूख सुरू होत असे. अठराव्या शतकाच्या प्रारंभी पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडच्या किल्ल्यावर आपले ठाणे बसविले आणि तेथूनच गायकवाड घराण्याच्या सत्तेचा विस्तार झाला. या शेजारच्या संस्थानात पुढे एक असा राजा होऊन गेला, की ज्याच्या राज्यात शाळा ही प्रत्येक मुलाच्या हक्काची वस्तू झाली, पुस्तके पेटीत बसून आगगाडीने खेड्यात येऊ लागली आणि ज्यांना अक्षरओळखही नव्हती, त्यांच्यासाठी पांढऱ्या पडद्यावर सारे जग अवतरू लागले. विशेष हे, की हा राजा राजवाड्यात जन्मलेला नव्हता. तो एका शेतकऱ्याचा मुलगा होता आणि बाराव्या वर्षापर्यंत त्याला धड लिहिता-वाचताही येत नव्हते. त्या राजाचे नाव श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड.

मालेगावजवळ कवळाणे नावाचे एक लहानसे गाव आहे. आज ते नाशिक जिल्ह्यात मोडते. परंतु १८६९ पूर्वी मालेगावचा सारा टापू खानदेशातच होता. या गावी पिलाजीरावांच्या वंशाची एक शाखा शेती करून राहत असे. राजघराण्याशी असलेले नाते नावापुरतेच उरले होते. घरी ना हत्ती होते, ना चाकरनोकर. या कुटुंबातील काशीराव आणि उमाबाई यांच्या पोटी ११ मार्च १८६३ रोजी एक मुलगा जन्मास आला. त्याचे नाव गोपाळ ठेवण्यात आले. गोपाळचे बालपण त्या काळच्या इतर शेतकरी मुलांप्रमाणेच शेतात आणि रानात गेले. शिक्षणाची सोय तेथे नव्हतीच म्हटले तरी चालेल. जी मुले तशा खेड्यात वाढत, त्यांपैकी बहुतेकांच्या आयुष्यात पाटी-पुस्तक कधी येतच नसे. गोपाळचेही तसेच झाले असते. परंतु दैवाने निराळीच योजना आखली होती.

बडोद्याच्या गादीवरील खंडेराव महाराज १८७० मध्ये निधन पावले. त्यांच्यामागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले. परंतु त्यांच्या कारभाराविषयी अनेक तक्रारी झाल्या आणि १८७५ मध्ये इंग्रज सरकारने त्यांना पदच्युत केले. तेव्हा खंडेरावांच्या विधवा पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. गायकवाड वंशातील मुलांचा शोध सुरू झाला आणि कवळाण्याची मुले बडोद्यास आणण्यात आली. असे सांगतात, की बडोद्यास कशासाठी आलात, असे मुलांना विचारण्यात आले, तेव्हा इतर मुले गोंधळली. गोपाळने मात्र आपण राज्य करण्यासाठी आलो आहोत, असे न कचरता सांगितले. ही कथा लोकांना इतकी आवडली, की पुढे ती घरोघरी सांगितली जाऊ लागली. ते कसेही असो, महाराणींनी निवड केली ती गोपाळचीच. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झाले आणि गोपाळचे सयाजीराव झाले.

बाराव्या वर्षी राजा झालेल्या या मुलासमोर पहिले संकट उभे राहिले, ते अक्षरांचे. ज्या वयात इतर मुले इतिहास-भूगोल शिकू लागतात, त्या वयात त्याला मुळाक्षरांपासून आरंभ करावयाचा होता. इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याची शिक्षक म्हणून नेमणूक झाली. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा, त्यांच्या जोडीला गणित, इतिहास आणि इतर विषय, शिवाय व्यायाम आणि घोडदौड असा अभ्यासक्रम सकाळपासून सायंकाळपर्यंत चाले. दिवाण सर टी. माधवराव हे तंजावरकडील मराठी घराण्यातील कुशल कारभारी होते. राज्यकारभार कसा करावा, याविषयी त्यांनी तरुण महाराजांना व्याख्यानेच दिली. उशिरा शिकू लागलेल्या या विद्यार्थ्याने एकही दिवस वाया जाऊ दिला नाही. सहा वर्षांत त्याने इतकी प्रगती केली, की २८ डिसेंबर १८८१ रोजी, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, राज्याची सर्व सूत्रे त्याच्या हाती सोपविण्यात आली. निरक्षर असणे म्हणजे काय आणि अक्षर येताच माणसाच्या दृष्टीपुढे केवढे क्षितिज खुले होते, हे दोन्ही अनुभव एकाच आयुष्यात घेतलेला असा राज्यकर्ता विरळा.

बडोदे संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे त्याचे चार प्रांत एकमेकांपासून दूर विखुरलेले होते. मध्ये दुसऱ्या राज्यांचा मुलूख पसरलेला असे. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थानची लोकसंख्या सुमारे वीस लाख होती आणि तीतील बहुतेक प्रजा खेड्यांत राहणारी होती. महाराजांनी आपल्या राज्याचा प्रवास केला, खेडी पाहिली, शेतकऱ्यांची घरे पाहिली. विहिरी, रस्ते, रुग्णालये, न्यायालये, सर्वच बाबतींत सुधारणा हवी होती. परंतु कोणतीही सुधारणा लोकांना समजल्याखेरीज टिकत नाही आणि शिक्षणाखेरीज ती समजत नाही. म्हणून महाराजांनी शिक्षणाला अग्रस्थान दिले.

उद्योगशिक्षणाचाही त्यांनी प्रारंभीच विचार केला. १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन नावाची संस्था स्थापन झाली. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे तिचे पहिले प्रमुख. चित्रकला, सुतारकाम, यंत्रकाम, विणकाम, कापड रंगविण्याची कला असे विषय तेथे शिकविले जात. त्या काळी असे शिक्षण इंग्रजी आल्याखेरीज मिळत नसे. कलाभवनात मात्र ते देशी भाषेतून देण्याचा प्रयत्न झाला आणि त्यासाठी पुस्तकेही तयार करविण्यात आली. सुताराच्या किंवा रंगाऱ्याच्या मुलाला परकी भाषेच्या भिंतीवरून उडी मारावी लागू नये, हा त्यामागील हेतू होता. त्र्यंबकेश्वरचे एक कलावंत तरुण १८९० मध्येच या संस्थेत शिकावयास आले. तेच पुढे १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र हा चित्रपट निर्माण करून भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके होत.

परंतु महाराजांचे सर्वांत धाडसी पाऊल निराळेच होते. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यातील दहा गावांत प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. त्या काळी इंग्रजांच्या ताब्यातील हिंदुस्थानात कोठेही असा कायदा नव्हता. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड करावा, ही कल्पनाच लोकांना चमत्कारिक वाटली. शेतकऱ्याची अडचण खोटी नव्हती. सात-आठ वर्षांचा मुलगा घरची गुरे राखी, लहान भावंडांना सांभाळी, पेरणी-कापणीच्या दिवसांत हाताशी येई. तो शाळेत जाऊन बसला, तर त्याचे काम कोणी करावे? मुलींच्या बाबतीत तर विरोध अधिकच तीव्र होता. मुलीला शिकवून करावयाचे काय, असा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जाई. महाराजांनी घाई केली नाही. प्रथम थोड्या गावांत प्रयोग करावा, अडचणी पाहाव्या, शिक्षक तयार करावे, इमारती बांधाव्या आणि मग पुढे जावे, असे धोरण त्यांनी ठेवले. तेरा वर्षांच्या अनुभवानंतर १९०६ मध्ये हा कायदा सबंध संस्थानास लागू झाला. सात ते बारा वर्षांच्या मुलांना आणि सात ते दहा वर्षांच्या मुलींना शाळेत पाठविणे आवश्यक ठरले. या प्रयोगाकडे सर्व देशाचे लक्ष वेधले. १९११ मध्ये नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते. गोखल्यांचे विधेयक नामंजूर झाले. पण एका देशी संस्थानात जे घडू शकते, ते इतरत्र का घडू नये, हा प्रश्न कायम राहिला.

कायदा सर्वांसाठी असला, तरी समाजाची दारे सर्वांसाठी उघडी नव्हती. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांना गावच्या शाळेत बसू दिले जात नसे. महाराजांनी या मुलांसाठी शाळा काढल्या, तेव्हा तेथे शिकविण्यास उच्चवर्णीय शिक्षक मिळेनात. मग मुसलमान आणि आर्यसमाजी शिक्षक नेमून ते काम चालविण्यात आले. खानदेशच्या सीमेवरील सोनगड येथे डोंगराळ भागातील आदिवासी मुलांसाठी वसतिगृहासह शाळा सुरू झाली. तेथे लिहिण्यावाचण्याबरोबर शेतीचे कामही शिकविले जाई. मुंबईत शिकणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्याला महाराजांनी दरमहा मदत दिली आणि १९१३ मध्ये त्यास उच्च शिक्षणासाठी अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात पाठविले. तो विद्यार्थी म्हणजे भारतीय राज्यघटनेचे शिल्पकार डॉ. बाबासाहेब आंबेडकर. परंतु ठरल्याप्रमाणे १९१७ मध्ये ते नोकरीसाठी बडोद्यास आले, तेव्हा एवढ्या मोठ्या नगरात त्यांना राहावयास जागा मिळाली नाही आणि त्यांना परतावे लागले. राजाज्ञेने शाळा उघडता येते, शिष्यवृत्तीही देता येते. माणसांची मने मात्र केवळ आज्ञेने उघडत नाहीत, हेच या कटू प्रसंगाने दाखविले.

सक्तीच्या शिक्षणाबरोबर आणखी एक अडचण पुढे आली. मूल चार-पाच वर्षे शाळेत जाई, वाचावयास शिके आणि शाळा सुटली, की पुन्हा शेतात जाई. घरी पुस्तक नसे, गावात वर्तमानपत्र येत नसे. वाचावयास काहीच न मिळाल्याने काही वर्षांत ते अक्षरे विसरून जाई. शाळेवर झालेला खर्च आणि मुलाने केलेले कष्ट दोन्ही वाया जात. पेरलेल्या शेताला पाणी न द्यावे, तसाच हा प्रकार होता. शाळा संपल्यानंतरही शिक्षण चालू राहावे, यासाठी काय करावे, हा प्रश्न होता.

याचे उत्तर महाराजांना प्रवासात सापडले. ते वारंवार परदेशी जात. पण तेथील शाळा, ग्रंथालये, संग्रहालये आणि कारखाने पाहिल्याखेरीज त्यांचा प्रवास पुरा होत नसे. आपल्या प्रजेस यातील काय उपयोगी पडेल, हा विचार त्यांच्या मनात सदैव असे. १९०६ मध्ये ते अमेरिकेस गेले. तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहून ते प्रभावित झाले. पुस्तके कुलपात जपून ठेवण्याऐवजी ती सर्वांच्या हाती द्यावीत, अशी तेथील रीत होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून घेतले आणि संस्थानच्या ग्रंथालयांची व्यवस्था त्याच्याकडे सोपविली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या शिक्षकांनी तत्पूर्वीच गावोगावी वाचनालये काढण्याचा उद्योग आरंभिला होता. आता त्यास राज्याचे बळ मिळाले. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे वीस हजार ग्रंथांचा खासगी संग्रह या कामी देऊन टाकला आणि बडोद्याचे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले.

या ग्रंथालयात नव्या युक्त्या आणि नवी साधने यांचा मोठ्या कल्पकतेने उपयोग करण्यात आला. प्रत्येक पुस्तकाची एक स्वतंत्र पत्रिका असे. त्या पत्रिका क्रमाने लावलेल्या असल्यामुळे हजारो पुस्तकांतून हवे ते पुस्तक क्षणात सापडे. ग्रंथ ठेवण्यासाठी पुढे पोलादी मांडण्या आणविण्यात आल्या आणि त्यांच्या मजल्यांमध्ये जाड काचेची जमीन बसविण्यात आली. त्यामुळे वरच्या मजल्यावरील उजेड खालपर्यंत झिरपत असे. स्त्रियांसाठी वेगळे दालन होते. मुलांच्या दालनात चित्रांची पुस्तके आणि खेळ ठेवलेले असत. ग्रंथपालाचे काम शिकविण्याचे वर्गही येथे सुरू झाले; कारण उत्तम साधन आणले, पण ते चालविणारा शिकलेला माणूस नसला, तर ते अडगळीत पडते, हे जाणून पावले टाकली जात होती. १९१२ पासून ग्रंथालयांची माहिती देणारे एक नियतकालिकही इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघू लागले.

परंतु नगरातील ग्रंथालय खेड्यातील वाचकास काय उपयोगाचे? शंभर मैलांवरून कोण पुस्तक न्यावयास येणार? म्हणून फिरत्या ग्रंथालयाची योजना निघाली. लाकडाच्या मजबूत पेट्या तयार करण्यात आल्या. एका पेटीत सुमारे पंधरा ते तीस पुस्तके राहत. पेटीस कुलूप असे. ज्या गावाने मागणी केली, त्या गावी पेटी पाठविली जाई. गावातील शिक्षक किंवा दुसरा एखादा जबाबदार गृहस्थ पुस्तके वाटण्याचे आणि परत घेण्याचे काम करी. काही काळाने ती पेटी परत जाई आणि नवी पेटी येई. पेटीच्या जाण्यायेण्याचे भाडे सरकार भरी. वाचणाऱ्यास एक पैही पडत नसे. आगगाडी हे त्या काळचे नवे साधन. तीतून कापूस आणि धान्य जात होतेच. आता पुस्तकेही जाऊ लागली. स्थानकापासून पुढे बैलगाडीने पेटी गावात आली, की कथा, चरित्रे, शेती आणि आरोग्य यांविषयीची पुस्तके घरोघर फिरू लागत.

आणि ज्या गावास आपले स्वतःचे ग्रंथालय हवे असे, त्यास महाराजांनी फुकट दान दिले नाही. गावकऱ्यांनी वर्गणी जमवावी. तेवढीच भर स्थानिक पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालावी, असा नियम केला. त्यामुळे ग्रंथालय गावाच्या अभिमानाची वस्तू झाले. स्वतःच्या घामाचा पैसा ज्यात असतो, ती वस्तू मनुष्य जपून वापरतो, हे व्यवहाराचे तत्त्व येथे कामी आले.

तरीही एक मोठा वर्ग उरलाच. ज्यांचे शाळेचे वय केव्हाच उलटून गेले होते, ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते, त्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांना आणि बायाबापड्यांना पुस्तकांची पेटी काय कामाची? त्यांच्यासाठी ग्रंथालय खात्याने चित्रांद्वारे शिक्षण देणारी एक स्वतंत्र शाखा काढली. या शाखेजवळ तीन प्रकारची साधने होती.

पहिले साधन म्हणजे जादूचा दिवा. पत्र्याच्या एका पेटीत प्रखर दिवा असे. त्याच्यापुढे काचेवर काढलेले चित्र उलटे बसवीत आणि त्याच्यापुढे फुगीर भिंग असे. दिव्याचा प्रकाश चित्रातून आणि भिंगातून पार झाला, की समोरच्या पांढऱ्या पडद्यावर तेच चित्र कितीतरी पटींनी मोठे आणि सुलटे उमटे. महाराष्ट्रात कल्याणचे महादेवराव पटवर्धन यांनी असाच दिवा वापरून कथांचे खेळ केले होते आणि त्यास शांबरिक खरोलिका असे नाव दिले होते. ज्या दिव्याने लोकांचे मनोरंजन होत होते, तोच बडोद्यात शिक्षकाच्या मदतीस आला. दुसरे साधन म्हणजे दुहेरी चित्रांचे दुर्बिणीसारखे यंत्र. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित निराळ्या बाजूंनी पाहतात. तशीच दोन छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवून प्रत्येक डोळ्यास त्यांपैकी एकेक दाखविले, की चित्र सपाट न राहता त्यास खोली प्राप्त होते आणि आपण प्रत्यक्ष त्या ठिकाणी उभे आहोत, असा भास होतो. तिसरे साधन चलच्चित्रांचे. त्या काळी चित्रपट बोलू लागले नव्हते. पण पडद्यावर माणसे चालताना पाहणे हाच केवढा चमत्कार होता!

ज्या गावी हे खेळ होत, तेथे रात्री गावकरी जमत. त्यासाठी कोणाकडूनही पैसे घेतले जात नसत. समोर पांढरा कपडा ताणलेला असे. दिवा लागला, की काळोखातून एकाएकी हिमालयाची शिखरे, समुद्रातील गलबते, दूरदेशचे शेतकरी आणि त्यांची अवजारे अशी चित्रे उमटू लागत. शेजारी उभा असलेला मनुष्य त्यांचा अर्थ लोकांना त्यांच्याच भाषेत समजावून सांगे. रोग कसे पसरतात, पाणी स्वच्छ का ठेवावे, बी-बियाणे कसे निवडावे, अशा गोष्टी डोळ्यांनी पाहिल्यामुळे सहज पटत. ज्याला अक्षर येत नव्हते, तोही त्या रात्री जगाचा एक धडा शिकून घरी जाई. मुलांच्या दृष्टीने तर शाळेतील भूगोल त्या पडद्यावर जिवंत होत असे.

हे सर्व पाहून कोणास वाटेल, की यंत्रे आणली आणि काम झाले. पण तसे नव्हते. यंत्रे थोडी होती आणि गावे फार होती. चित्र पाहून निर्माण झालेली जिज्ञासा पुस्तकानेच तृप्त व्हावयाची होती आणि पुस्तक वाचण्यास शाळाच शिकविणार होती. कायदा, शाळा, शिक्षक, ग्रंथालय आणि दिवा अशी ही एकमेकांत गुंफलेली साखळी होती. तिची एक कडी निखळली, तर बाकीच्या कड्या निरुपयोगी ठरल्या असत्या. अडचणीही संपल्या नव्हत्या. सक्ती असूनही कित्येक मुले शाळेतून गैरहजर राहत. दुष्काळ पडला, की हजेरी घटे. दंड भरणाऱ्या गरीब पालकांची नाराजी असे. कायदा होऊन वर्षे लोटली, तरी सर्व प्रजा साक्षर झाली नाही. परंतु महाराजांनी अपयशाला घाबरून योजना सोडून दिली नाही. जेथे उणीव दिसली, तेथे नवा उपाय शोधला. शाळेने भागेना, तेव्हा ग्रंथालय आले. ग्रंथालयाने भागेना, तेव्हा पेटी आली. पेटीने भागेना, तेव्हा दिवा आला.

महाराजांच्या पत्नी महाराणी चिमणाबाई यांचीही या कामी त्यांना साथ होती. स्त्रियांनी शिकावे, यासाठी त्या झटत. १९२७ मध्ये पुण्यास भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या अध्यक्षा होत्या. मराठी आणि गुजराती भाषांत उत्तम ग्रंथ निर्माण व्हावेत, म्हणून महाराजांनी सयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी बालज्ञानमाला यांस आश्रय दिला. प्राचीन हस्तलिखितांच्या अभ्यासासाठी प्राच्यविद्या मंदिर उभारले. जुने जतन करावे आणि नवे स्वीकारावे, असा दुहेरी बाणा त्यांनी शेवटपर्यंत राखला.

त्रेसष्ट वर्षांहून अधिक काळ गादी भूषविल्यानंतर ६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले. पुढे देश स्वतंत्र झाला आणि १९४९ मध्ये बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. त्याच वर्षी महाराजांच्या नावाने बडोद्यास विद्यापीठ स्थापन झाले. मध्यवर्ती ग्रंथालयही लोकांच्या सेवेस कायम राहिले. राज्य गेले, सिंहासन गेले. विद्येसाठी उभारलेल्या संस्था मात्र टिकून राहिल्या.

आता काळ पुष्कळ पालटला आहे. जादूच्या दिव्याच्या जागी संगणक आले, काचेवरील चित्रांच्या जागी बोटाच्या स्पर्शाने उमटणारी चित्रे आली. साऱ्या जगातील ग्रंथ एका लहानशा पाटीएवढ्या यंत्रात मावू लागले. परंतु शिंदखेड्यातील असो, सोनगडमधील असो, शाळेत असे नवे यंत्र आले, म्हणजे जुनेच प्रश्न पुन्हा उभे राहतात. ते चालवून समजावून सांगणारा शिक्षक आहे काय? ते गरिबाच्या मुलीपर्यंतही पोहोचते काय? त्याने जागी केलेली जिज्ञासा पुढे नेण्यास पुस्तक हाताशी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे कवळाण्याच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाने आपल्या कृतीने देऊन ठेवली आहेत. स्वतःला उशिरा लाभलेला प्रकाश दुसऱ्यांना वेळेवर मिळावा, म्हणून ज्याने आयुष्यभर दिव्यामागून दिवे लावले, त्या राजाचे स्मरण प्रत्येक विद्यार्थ्याने कृतज्ञतेने करावे, असेच आहे.